माहितीचा पाणवठा

वाचकहो, आपण आपल्या मनाशी चार प्रश्न विचारून पाहा. आपल्या गावची येती ग्रामसभा कोणत्या तारखेस आहे आणि तीत कोणते विषय यावयाचे आहेत? जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेचा दाखला सापडला नाही, तर दुसरा कोणता पुरावा चालतो आणि तो कोणत्या कचेरीत मिळतो? कोर्टाची पायरी चढण्याची वेळ आली, तर तालुक्याच्या ठिकाणी सरकारी खर्चाने वकील कोण देतो? मुलाला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर त्याच्या राहण्याजेवणाची तरतूद कोणत्या योजनेतून होते आणि त्या अर्जाची मुदत केव्हा संपते?

या चारही प्रश्नांची उत्तरे कोठल्या ना कोठल्या सरकारी कागदावर आज लिहिलेली आहेत. ती गुप्त नाहीत. तरीही ती आपणास कोणी सांगितली, याचा विचार केला तर बहुतेकांना असेच म्हणावे लागेल की, कोणा ओळखीच्या माणसाने सांगितली. आणि पुष्कळदा मुदत उलटून गेल्यावर सांगितली. ज्याला ओळख नाही, त्याला उत्तर नाही. आणि ओळख कोणाला असते व कोणाला नसते, हे या पाक्षिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

त्याच गावात किंवा शेजारच्या मोठ्या गावात बहुधा एक सार्वजनिक ग्रंथालय असते. तेथे चार वर्तमानपत्रे येतात, कादंबऱ्यांची दोनतीन कपाटे असतात आणि सायंकाळी काही निवृत्त गृहस्थ येऊन बसतात. त्या ग्रंथालयास शासनाचे अनुदान मिळते, म्हणजे तुमच्याआमच्या कराचा पैसा मिळतो. तथापि वर लिहिलेले चार प्रश्न घेऊन त्या दारात जावे, असे आपल्यापैकी कोणाच्याही मनात येत नाही. आणि गेल्यास उत्तर द्यावे, असे ग्रंथपालासही कोणी शिकविलेले नाही. आमचे म्हणणे असे की, हे बदलले पाहिजे. गावची आणि तालुक्याची उपयोगाची सर्व माहिती गोळा करणे, ती सोप्या मराठीत मांडणे, इंटरनेटवर सर्वांना खुली करणे आणि वेळोवेळी दुरुस्त करीत राहणे, हे सार्वजनिक ग्रंथालयाचे नेमून दिलेले काम झाले पाहिजे. आणि ते व्हावे म्हणून मागणी करणे हे आपले काम आहे.

आमच्या माहितीतील एका मुलीची गोष्ट येथे सांगतो. बाप शेतमजूर, आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली व जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात दाखल झाली. सरकारी वसतिगृहाच्या यादीत तिचे नाव लागले नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत भोजन, निवास व निर्वाहाची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. त्या मुलीस ही योजना तीन महिन्यांनी कळली, तीही एका मैत्रिणीकडून. तोपर्यंत अर्जाची मुदत संपली होती. ती रोज पहाटेच्या एस.टी.ने जाऊन रात्री परत येऊ लागली आणि दुसऱ्या सत्रात तिने शिक्षण सोडले. तिच्यावर कोणी अन्याय केला, असे बोट दाखवून सांगता येत नाही. योजना होती, पैसा होता, जाहिरातही कोठेतरी लागली होती. फक्त ती त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आली नाही. तिच्या गावात ग्रंथालय होते. त्या ग्रंथालयाच्या दारावर ती एक ओळ लिहिलेली असती, तर आज ती पदवीधर असती.

हक्क कागदावर असणे आणि हक्क हाती असणे यांतील अंतर आपल्या समाजाला जितके ठाऊक आहे, तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले झाल्याचे कागदावर लिहिले गेले. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठरावही त्यानंतर केला. परंतु तळ्याचे पाणी हाती यावयास २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला, आणि त्यासाठी हजारो लोकांना तळ्यापर्यंत पायी चालत जावे लागले. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये ते चालणे होते.

आजचा पाणवठा माहितीचा आहे. त्यावर कोणाचा उघड पहारा नाही. परंतु तेथे जाणारी वाट ठाऊक नसलेल्याला तो पाणवठा नसल्यासारखाच आहे. आणि वाट ठाऊक असलेला मध्यस्थ त्या अज्ञानावर आपली पोळी भाजून घेतो. दाखला काढून देणारा एजंट, अर्ज भरून देण्याचे दुप्पट पैसे घेणारा दुकानदार, 'माझ्यामुळे तुझे काम झाले' असे निवडणुकीपर्यंत ऐकविणारा पुढारी, हे सर्व त्याच अज्ञानावर जगतात. जी गोष्ट हक्काची, ती उपकाराची होऊन बसते. आणि उपकाराने मिळालेल्या गोष्टीसाठी मान वाकवावी लागते.

येथे कोणी म्हणेल की, आता घरोघरी मोबाईल झाला आहे, 'आपले सरकार' आणि 'महाडीबीटी' यांसारखी शासनाची संकेतस्थळे आहेत, मग ग्रंथालयाचे प्रयोजन काय? हा आक्षेप वरवर खरा वाटतो. परंतु शासनाचे संकेतस्थळ सबंध राज्यासाठी असते. माणसाचा प्रश्न मात्र त्याच्या गावाचा असतो. कोणता कागद जोडावा हे संकेतस्थळ सांगते. तो कागद आपल्या तालुक्यात कोणत्या इमारतीत, कोणत्या वारी आणि कोणत्या अधिकाऱ्याकडे मिळतो, हे ते सांगत नाही.

जातीच्या दाखल्याचेच उदाहरण घ्या. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० या दिवशी किंवा त्यापूर्वी कुटुंब राज्यात राहत होते, याचा पुरावा मागितला जातो. विमुक्त व भटक्या जमातींसाठी हीच तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. ज्या आजोबांना शाळेचे तोंड पाहू दिले नाही, त्यांच्या शाळेचा दाखला नातवाने कोठून आणावा? अशा वेळी गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात आणि दप्तरात जी गाव नमुना १४ म्हणून ओळखली जाते, ती उपयोगी पडते. तिची नक्कल तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून काढावी लागते. पण आपल्या गावाची कोणत्या वर्षांची पुस्तके तेथे शिल्लक आहेत, कोणती जीर्ण झाली, गाव पूर्वी दुसऱ्या तालुक्यात असेल तर पुस्तके कोठे गेली, हे ज्ञान आज फक्त एखाद्या जुन्या कारकुनाच्या डोक्यात असते. ते लिहून काढून सर्वांना खुले करणे, हेच स्थानिक माहितीचे काम होय.

आपल्यासाठी याला आणखी एक बाजू आहे. १९५६ नंतर ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यांना केंद्र शासनाच्या दृष्टीने अनुसूचित जातींत स्थान मिळाले ते १९९० च्या कायद्याने. म्हणजे मध्ये चौतीस वर्षे गेली. राज्याचा नियम आणि केंद्राचा नियम यांत दीर्घकाळ राहिलेल्या या तफावतीमुळे दाखल्यावर धर्म कसा लिहावा, मूळ जातीची नोंद कशी यावी, याविषयी आजही घराघरांत गोंधळ आहे. एका अक्षराच्या चुकीने नोकरीची संधी हुकते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पासष्ट लाखांवर बौद्ध नोंदले गेले. इतक्या लोकांच्या रोजच्या गरजेची ही माहिती चहाच्या टपरीवर ऐकीव स्वरूपात मिळावी आणि ग्रंथालयात मिळू नये, ही लाजिरवाणी स्थिती नव्हे काय?

मोबाईलवर जे फिरते ते फुकट असते, परंतु त्याला तारीख नसते आणि त्याचा कोणी धनी नसतो. बंद झालेल्या योजनेचा अर्ज तीन वर्षे फिरत राहतो. शिवाय कचेऱ्यांची व जागांची नावेही बदलतात. २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या नावाने शोधणाऱ्यास नवा कागद सापडत नाही आणि नव्या नावाने शोधणाऱ्यास जुना. म्हणून माहिती देणारा कोणी जबाबदार हवा, आणि त्याने आपल्या प्रत्येक ओळीखाली दिनांक घातला पाहिजे.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सरकारी कचेरीवर असे बंधन घातले आहे की, कोणी अर्ज करण्यापूर्वीच तिने सतरा प्रकारची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी: आपली कामे, अधिकारी, त्यांचे अधिकार, योजना, अंदाजपत्रक, सवलती. त्याच कलमात असेही म्हटले आहे की, ही माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात लोकांपर्यंत पोहोचण्याचे सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार करावा. इतकेच नव्हे, तर नागरिकांस माहिती मिळविण्यासाठी असलेल्या सोयींची नोंद करताना सार्वजनिक ग्रंथालय किंवा वाचनकक्ष असल्यास त्याच्या वेळाही सांगाव्या, असे त्या सतरा बाबींपैकी पंधराव्या बाबीत लिहिलेले आहे. म्हणजे माहितीच्या हक्काचा विचार करताना कायदा करणाऱ्यांना ग्रंथालय आठवले होते. आपल्याला मात्र ते आठवत नाही. पुढे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आला. त्याने कोणती सेवा किती दिवसांत द्यावयाची, कोण देणार आणि न दिल्यास अपील कोणाकडे, हे प्रसिद्ध करणे कचेऱ्यांना भाग पाडले. हे सर्व कागद आहेत. फक्त तालुक्यातील वीस कचेऱ्यांचे वीस कागद एका जागी आणून, त्यांतील कायद्याची भाषा माणसाच्या भाषेत उतरविणारा कोणी नाही.

हे काम ग्रामपंचायतीच्या कचेरीने किंवा महा ई-सेवा केंद्राने का करू नये, असेही विचारले जाईल. त्यांनी आपापले काम अवश्य करावे. परंतु ग्रामपंचायत ही पुष्कळदा स्वतःच वादातील एक पक्ष असते. गायरानावरील घरांचा प्रश्न, स्मशानभूमीच्या वाटेचा प्रश्न, वस्तीच्या पाण्याचा प्रश्न ज्या कचेरीविरुद्ध मांडावयाचा, तिच्याच टेबलाशी बसून 'तुमच्याविरुद्ध तक्रार कोठे करू' असे भूमिहीन माणूस कसा विचारील? सेवा केंद्र अर्जाच्या शुल्कावर चालते. अर्ज करण्याची गरजच नाही, असे सांगण्यात त्याचा फायदा नाही. ग्रंथपालाचा धंदा मात्र मुळातच निराळा आहे. मागणाऱ्याने का मागितले हे न विचारता, जे मागितले ते शोधून देणे, हीच त्याची विद्या होय. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, असे दोन नियम आहेत. 'ग्रंथ' या शब्दाच्या जागी 'माहिती' हा शब्द घातला, म्हणजे आमची मागणी काय आहे ते कळून येईल.

हा विचार हवेतला नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९७० साली क्लारा स्टँटन जोन्स या ग्रंथालयाच्या संचालिका झाल्या. मोठ्या अमेरिकन शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. १९६७ च्या दंगलीने ते शहर होरपळून निघाले होते. जोन्सबाईंनी ग्रंथालयाच्या शाखांतून पुस्तकांबरोबरच घर, काम, आरोग्य, कायदेशीर मदत यांविषयी माहिती देण्याची आणि माणसाला योग्य त्या संस्थेपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था उभी केली. ज्यांनी ग्रंथालयात कधी पाऊल टाकले नव्हते, त्यांच्यासाठी हे दार होते. पुढे १९८० च्या सुमारास कोलोरॅडोतील पाईक्स पीक ग्रंथालयाने आपल्या संगणकात गावच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक, शिशुगृहे, शिकवण्या व मंडळे यांची नोंद ठेवली. घरी संगणक असलेला नागरिक टेलिफोनच्या तारेवरून ती पाहू शकत असे. इंटरनेट घरोघरी येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात पाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये २०१९ साली ग्रामविकास खात्याकडे देण्यात आली आणि त्यांना 'अरिवु केंद्र' म्हणजे ज्ञानकेंद्र असे रूप देण्याचे काम हाती घेतले गेले. जे तेथे होऊ शकते, ते महाराष्ट्रात का होऊ नये?

आता काम कसे असावे, ते सांगतो. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या गावापुरते एक लहानसे संकेतस्थळ किंवा पान ठेवावे. त्यात पहिल्याने कचेऱ्यांची माहिती असावी: तहसील, पंचायत समिती, समाजकल्याण, पोलीस ठाणे, आरोग्य केंद्र, जागा, वेळ, कामाचा प्रकार आणि अपिलाचा अधिकारी. दुसऱ्याने शिक्षणाची: शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या व त्यांच्या मुदती. तिसऱ्याने कायद्याची. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या बाराव्या कलमान्वये अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येक व्यक्तीस आणि प्रत्येक स्त्रीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे; आपल्या तालुक्याच्या विधी सेवा समितीची जागा कोणती, हे त्या पानावर ठळक अक्षरांत असावे. चौथ्याने जमीन, घर व रोजगाराची. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाच्या सबलीकरण योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन देण्याची तरतूद आहे; तिचा अर्ज आपल्या जिल्ह्यात कोठे द्यावयाचा, हे कितीजणांना ठाऊक आहे? पाचव्याने गावच्या सार्वजनिक जीवनाची: ग्रामसभेची सूचना, तिचे ठराव, अंदाजपत्रक, रक्तदान, लसीकरण, व्याख्याने आणि सर्व समाजांच्या संस्थांची यादी.

हे पान स्वस्त मोबाईलवर आणि मंद इंटरनेटवरही उघडले पाहिजे. चित्रांचा भपका नको. वाक्ये लहान असावी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तेच ध्वनिमुद्रित करून ठेवावे. गावातील शिकणारी मुले हे काम हौसेने करतील. ज्याच्याकडे मोबाईलही नाही, त्याच्यासाठी दर आठवड्यास त्याच पानाची छापील प्रत ग्रंथालयाच्या आणि वस्तीच्या फलकावर लागावी. प्रत्येक माहितीखाली ती कोणत्या कचेरीकडून घेतली आणि कोणत्या दिवशी तपासली, हे लिहावे; तीन महिने न तपासलेली माहिती तशी आहे, असे स्पष्ट सांगावे. चूक आढळल्यास ती कळविण्याची सोय असावी आणि दुरुस्ती उघडपणे व्हावी. चुकीची माहिती ही माहिती नसण्याहून घातक असते, कारण ती माणसास शंभर रुपये खर्चून चुकीच्या दारात नेते.

तितकेच महत्त्वाचे हे की, काय घालू नये. कोणाचे आधार क्रमांक, कोणाचे आजार, अत्याचाराच्या प्रकरणातील पीडितांची नावे, कोणाच्या घरची अडचण यांतील एकही गोष्ट त्या पानावर येता कामा नये. कायद्याने प्रसिद्ध करावयाच्या लाभार्थींच्या याद्या त्या त्या कचेरीने प्रसिद्ध कराव्या; ग्रंथालयाने त्या कोठे पाहावयास मिळतात एवढेच सांगावे. लहान गावात माहिती ही दुधारी तलवार असते. कोणत्या बाईने पोटगीचा अर्ज विचारला, कोणत्या गड्याने वेठीविरुद्ध तक्रारीचा नमुना नेला, हे ग्रंथपालाच्या तोंडून चावडीवर गेले, तर त्या दाराला कुलूप लागलेलेच बरे.

अडचणी नाहीत असे नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली आला. त्यानंतर ग्रंथालयांची संख्या वाढली. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले आणि वर्गानुसार अनुदान मिळू लागले. परंतु १९४८ च्या मद्रासच्या कायद्याने ग्रंथालयासाठी जो स्वतंत्र उपकर ठेवला, तसा उपकर आपल्या कायद्यात नाही. ग्रंथालये बहुतांशी स्थानिक संस्थांनी चालविलेली आणि अनुदानावर अवलंबून. खेड्यातील ग्रंथालय सेवकाचे मानधन इतके अल्प आहे की, त्यावर घर चालत नाही. अशा माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवून त्याला फुकट राबविण्याची सूचना आम्ही करीत नाही. फुकट राबणे म्हणजे काय हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. आमची मागणी स्पष्ट आहे. स्थानिक माहितीचे काम अनुदानाच्या निकषांत यावे, त्यासाठी स्वतंत्र रक्कम व मानधन असावे, आणि ग्रंथालय सेवकांना त्याचे शिक्षण मिळावे. सबंध राज्याला व जिल्ह्याला समान असलेली माहिती शासकीय जिल्हा ग्रंथालयाने एकदाच तयार करून द्यावी. गावच्या ग्रंथालयाने तीत आपल्या गावापुरती भर घालावी. म्हणजे एकच काम शंभर ठिकाणी करावे लागणार नाही.

परंतु पैसा आला आणि यंत्र आले, एवढ्याने ग्रंथालय सार्वजनिक होत नाही. याची साक्ष बडोद्याची आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली आपल्या संस्थानात मोफत ग्रंथालयांची व्यवस्था सुरू केली. त्यासाठी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना आणले. त्या काळी हिंदुस्थानात तिला तोड नव्हती. त्याच बडोद्यात १९१७ साली, त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेल्या बाबासाहेबांना डोके टेकावयास खोली मिळाली नाही आणि पारशी सराईतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. शहाणा राजा ग्रंथालय उभारू शकतो; ते ज्या गावात उभे असते, त्या गावाचे मन तो उभारू शकत नाही. म्हणून ग्रंथालयाचे पान कोण लिहितो, त्यात कोणत्या वस्तीचे प्रश्न येतात आणि कोणत्या वस्तीचे गळतात, हे पाहणारे डोळे आपले असले पाहिजेत.

येथे थोडे आपल्या स्वतःविषयीही बोलले पाहिजे. गावच्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर आपली माणसे किती? सभासद किती? जे सभासदच नाहीत, त्यांना वार्षिक सभेत तोंड उघडता येत नाही. आपल्या विहारांतूनही पुस्तकांची कपाटे आहेत. परंतु त्यांपैकी किती कपाटांचे कुलूप १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडून इतर दिवशी उघडते, हे ज्याचे त्याने पाहावे. आपल्यातील शिकलेली माणसे शहरात गेली. त्यांना सर्व योजना ठाऊक आहेत, सर्व मुदती ठाऊक आहेत. परंतु ती माहिती त्यांच्या घराच्या भिंतींबाहेर येत नाही. ज्ञान साठवून ठेवणाऱ्यांविषयी आपण शतकानुशतके तक्रार केली. तीच खोड आपल्या अंगी लागू नये. विहाराच्या ग्रंथालयाने हे काम अवश्य सुरू करावे. पण त्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयावरील आपला दावा सोडू नये. आपल्यासाठी वेगळी विहीर खोदून घेऊन तळ्याचा हक्क सोडून देण्यासारखे ते होईल.

तेव्हा वाचकहो, हा लेख वाचून बाजूस ठेवू नका. या महिन्यात एके दिवशी सायंकाळी आपल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात जा. सभासद नसाल तर वर्गणी भरून सभासद व्हा आणि पावती घ्या. मग ग्रंथपालासमोर बसून आरंभी लिहिलेले चार प्रश्न शांतपणे विचारा. उत्तर मिळाले नाही तर रागावू नका. तो बिचारा तुमच्याइतकाच अंधारात आहे. चारही उत्तरे तुम्ही स्वतः कचेऱ्यांतून मिळवा, कचेरी दाद देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, आणि ती स्वच्छ अक्षरात, दिनांक घालून, त्या ग्रंथालयाला नेऊन द्या. फलकावर लावावयास सांगा. महाविद्यालयात जाणारा आपला एखादा मुलगा किंवा मुलगी तीच उत्तरे इंटरनेटवर चढवील. पुढल्या महिन्यात आणखी चार प्रश्न घेऊन जा. वार्षिक सभेत ठराव मांडा की, हे काम ग्रंथालयाने नियमित करावे आणि त्यासाठी शासनाकडे अनुदान मागावे. ठराव नामंजूर झाला तर तसे लेखी मागा.

पुढच्या जूनमध्ये अशीच एखादी मुलगी बारावी होऊन जिल्ह्याच्या गावी जाईल. तिला स्वाधार योजनेची मुदत कळली की नाही, हे तिच्या ओळखीपाळखीवर नव्हे, तर तिच्या गावच्या ग्रंथालयावर अवलंबून असले पाहिजे. आणि ते ग्रंथालय कसे असेल, हे सर्वस्वी आपल्यावर अवलंबून आहे.